बारा पूर्णांक सहा

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टला एक लहानसा हिसका बसला आणि ती थांबली. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. पाचव्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं साडेदहाची वेळ दिली होती आणि उजवीकडची खालची दाढ कालपासून ठणकत होती. मी घंटा दाबली. खालून वॉचमनचा आवाज आला, "थांबा मॅडम, घाबरू नका, ही अशीच करते." मी घाबरले नव्हते. बंद पडलेल्या लिफ्टची मला भीती वाटत नाही, कारण लहानपणी बाबांनी ती काढून टाकली होती. बाबा लिफ्ट तपासनीस होते, एकतीस वर्षं. ते म्हणायचे, "थांबलेली लिफ्ट शहाणी असते. तिला काहीतरी खटकलंय म्हणून ती थांबली. लक्ष ठेवायचं ते चालणारीवर." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आठवावं लागलं नाही, हिसक्यापाठोपाठ ते आपोआप आलं, जसा विजेपाठोपाठ आवाज येतो. भिंतीवर तपासणीच्या कार्डाची काचेची चौकट होती. हिसक्यानं तिचा वरचा स्क्रू निसटला होता आणि चौकट एका बाजूला लोंबत होती. आतलं छापील कार्ड खाली सरकलं होतं, त्यामागून दुसऱ्याची पिवळी कड दिसत होती, तिच्यामागून तिसऱ्याची. जुनी कार्डं कुणी काढलीच नव्हती. सहा महिन्यांनी येणारा तपासनीस नवं कार्ड पुढे सरकवून देई आणि जुनी मागे दाबली जात. मी चौकट हातानं सरळ करायला गेले आणि पिवळ्या कार्डावर ओळखीचं अक्षर दिसलं. 'पाहिले.' आणि खाली सही, जिच्या शेवटच्या वळणाला एक छोटी सरळ रेघ, मोजपट्टी लावून काढल्यासारखी.

मला आनंद झाला हे आधी लिहिलं पाहिजे. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांच्या वस्तू आम्ही वाटून टाकल्या होत्या, कपडे देऊन टाकले होते, आणि ज्या शहरात ते एकतीस वर्षं सह्या करत फिरले त्या शहरात त्यांची सही मला अशी अचानक कुठे भेटेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी सगळा गठ्ठा बाहेर काढला. नंतरच्या तपासनिसांची बाजूला केली, तरी बाबांची बावीस-पंचवीस कार्डं उरली. प्रत्येकावर तारीख, दोराची जाडी, 'पाहिले', सही. दर वर्षी चौदा मार्च आणि चौदा सप्टेंबर. मुदत संपण्याचा दिवस तोच तपासणीचा दिवस. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. कार्यालयात त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. तारेचा दोर ते व्हर्नियरनं मोजत आणि आकडा दशांशापर्यंत लिहीत. नवा दोर तेराचा. झिजत झिजत बारा पूर्णांक दोनवर आला की काढायचा. मोजण्याआधी ते दोरावरून पांढऱ्या सुती कापडाचा एक चौकोन फिरवत. तुटलेली तार असेल तर धागा अडकतो. ते चौकोन आई जुन्या चादरींचे कापून द्यायची आणि कडा मी दुमडायची, दहा वर्षांची असताना, एका चौकोनाला चार मिनिटं. लिफ्टमध्ये उभी राहून मी पत्ते लावावेत तशी कार्डं तारखेनं लावत होते आणि आकडे वाचत होते. बारा पूर्णांक आठ. बारा पूर्णांक सात. बारा पूर्णांक पाच. बारा पूर्णांक सहा.

इथे माझा अंगठा थांबला. मी पुन्हा तारखा पाहिल्या. क्रम बरोबर होता. सप्टेंबरात बारा पूर्णांक पाच असलेला दोर पुढच्या मार्चमध्ये बारा पूर्णांक सहा झाला होता. दोर जाड होत नाही. ही गोष्ट बाकी कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. दशांशाचा फरक, वेगवेगळ्या कार्डांवरचा, बावीस वर्षांपूर्वीचा. पण मी मिलिमीटरची मुलगी होते आणि जेवताना मी दुधाचा पेला अर्धा ठेवला की ते म्हणायचे, "दोर आणि दूध, दोन्ही फक्त कमी होतात. हे थांबलं कसं?" चुकलं असेल, हात थरथरला असेल, असं मी मनात म्हणाले, आणि मग त्या कार्डावरची तारीख दिवस, महिना, वर्ष अशी नीट वाचली. माझी मुलगी त्या दिवशी जन्मली. तीच तारीख, तेच वर्ष.

माझ्या पिशवीत एका पुस्तिकेचं प्रूफ होतं. तपासणी कार्यालयानं आपल्या प्रशिक्षणाच्या खोलीला बाबांचं नाव द्यायचं ठरवलं होतं आणि त्यानिमित्त सोळा पानांची पुस्तिका काढायची होती. पहिली दोन पानं माझी होती. तिसरं पान त्यांच्या नातीचं. प्रूफ वाचून, शेवटच्या पानावर 'पाहिले, छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करून उद्या दुपारी बारापर्यंत परत द्यायचं होतं. मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसाला शंभरेक अहवालांवर सही करते. माझी दोन पानं मी त्याच हातानं लिहिली होती, विशेषणं टाळून. तीन वाक्यांबद्दल मला समाधान होतं. 'त्यांनी तपासणीची मुदत कधी चुकवली नाही. त्यांनी न पाहता कधी सही केली नाही.' ही दोन माझी. तिसरं माझ्या मुलीचं, तिसऱ्या पानाच्या सुरुवातीला: 'माझा जन्म झाला त्या दिवशी आजोबा सकाळी सहापासून हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते आणि मला हातात घेईपर्यंत तिथून हलले नाहीत.' आमच्या घरात ही गोष्ट एवढ्या वेळा सांगितली गेली होती, की तो हिरवा लोखंडी बाक मुलीनं स्वतः पाहिल्यासारखा ती त्याचं वर्णन करायची. आता मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये उभी होते आणि माझ्या हातात एक कार्ड होतं, आणि त्या दिवशी या तीन वाक्यांपैकी दोनच खरी असू शकत होती.

मी हिशोबीपणानं शक्यता तपासल्या, प्रयोगशाळेत एखादा निकाल विचित्र आला की तपासतो तशा. ते मधूनच उठून गेले असतील आणि आम्हाला कळलं नसेल. बायकांना त्या दिवशी घड्याळ कुठे कळतं? हे मला काही क्षण पटलं, पटावंसं वाटलं. पण मग त्यांनी खरंच दोर मोजला असता आणि आकडा वाढला नसता. आकडा मोजलेला नव्हता. तो आठवलेला होता. दोन तपासण्यांपूर्वीचा बारा पूर्णांक सात त्यांना आठवला असेल, त्यातून सवयीनं एक दशांश वजा केला असेल, आणि मधली तपासणी, बारा पूर्णांक पाचवाली, डोक्यातून निसटली असेल. शहरातल्या शेकडो दोरांचे आकडे त्यांच्या डोक्यात होते. त्यांच्यासारख्याच माणसाची अशी चूक होऊ शकते. दुसऱ्या कुणी खोटा आकडा लिहिला असता तर मागच्या कार्डावरून उतरवला असता आणि तो पकडला गेला नसता.

दहा तेहेतीसला लिफ्ट हलली आणि खाली जाऊ लागली. अकरा मिनिटं. खाली येईपर्यंत आणखी एक गोष्ट वर आली, जी मला त्या बावीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, त्याची गाडी संध्याकाळी पोचणार होती. नऊच्या सुमाराला बाबा बाकावरून उठून माझ्या खोलीच्या दारात आले होते. त्यांच्या खांद्याला कामाची पिशवी होती. म्हणजे ते सकाळी सहाला पिशवी घेऊनच आले होते, जायच्या तयारीनं. ते म्हणाले, "दीड तासात जाऊन येतो. एकच आहे. मुदत आज संपतेय." आणि मी त्यांचं मनगट धरलं. घड्याळाचा पट्टा माझ्या बोटांत रुतला, ते आठवतंय. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही गेलात तर मी मरेन." बायका त्या वेळी असं बोलतात. नर्स हसली होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पांढऱ्या कापडाचा चौकोन काढून माझं कपाळ पुसलं. स्वच्छ होता, कडा मी दुमडलेल्या असतील किंवा आईनं. मग त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली आणि ते बसले. घरातल्या गोष्टीत ते आपणहून बसून होते. माझं मनगट धरणं त्या गोष्टीत कुठे नव्हतं. ते मीच गाळलं होतं, आणि कधी गाळलं तेही मला सांगता येत नाही.

वॉचमननं तळमजल्यावर दार उघडलं. चाळिशीचा, अंगात निळा शर्ट, हातात चहाचा कागदी पेला. माझ्या हातातला गठ्ठा पाहून म्हणाला, "हे काय मॅडम, अकरा मिनिटांत लिफ्ट खोलून ठेवलीत?" मी म्हणाले, "चौकट निघाली. ही जुनी कार्डं आहेत. माझ्या वडिलांच्या सह्या आहेत." त्यानं पेला कठड्यावर ठेवला, एक कार्ड घेतलं आणि उजेडात धरलं. मग त्याचा चेहरा असा उजळला, की मला खाली बघावंसं वाटलं.

"सहीवाले साहेब? तुम्ही सहीवाल्या साहेबांच्या कन्या?"

"तुम्ही ओळखत होता?"

"मी नाही हो, मी तेव्हा अठराचा, हुंदडत असायचो. आई ओळखायची. ती इथले जिने पुसायची, पाचही मजले. तिला अक्षर येत नाही. पण ही सही ओळखायची. ही शेवटची रेघ आहे ना सरळ, ही. लिफ्टमध्ये पाय टाकायच्या आधी कार्डाकडे बघायची. दुसऱ्या कुणाची सही असती तर बाई बादली घेऊन जिन्यानं वर गेली असती. आम्ही हसायचो तिला. म्हणायची, हसा, पण ह्या माणसानं बघितलंय." तो स्वतःशीच हसला. "आणि एकदा तर तुमच्या वडिलांनी कमालच केली. दोन दिवस लागोपाठ सकाळी आले. ना तपासणी, ना काही. आईबरोबर लिफ्टनं वर-खाली. प्रत्येक खेपेला. आणि तिची बादली स्वतः धरली. साहेब माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात घाण पाण्याची बादली! आई अजून सांगते. घरी कोणी पाहुणा आला की तिची ती गोष्ट ठरलेली. आम्ही उठून आत जातो."

"आई कुठे असतात?"

"इथंच, तळमजल्यावर. मागची खोली दिलीय सोसायटीनं. आत्ता डोळे दाखवायला गेलीय भावाबरोबर. उद्या असेल. सांगतो तिला, सहीवाल्या साहेबांची मुलगी आली होती. वेडी होईल. साहेब बरे आहेत ना?"

"दहा महिने झाले जाऊन."

"अरेरे," तो म्हणाला, आणि कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. "चांगला माणूस." मी हो म्हणाले. तो म्हणाला, लिफ्ट आता बंदच ठेवतो, मेकॅनिक येईपर्यंत. तुम्ही जिन्यानं जाता का वर? मी म्हणाले, दाढ आता दुखत नाहीये. ती दुखत होती.

रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाची पायरी होती, तिथे बसून मी पानेकाकांना फोन लावला. पानेकाका बाबांचे जोडीदार, मेकॅनिक. हातात कायम पाना असायचा म्हणून ते नाव. वय शहात्तर, ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलतात, जणू आपणच बहिरे आहोत.

"कोण? मिलिमीटरची पोर? बोल गं! खोलीच्या कार्यक्रमाचं भाषण मला पाठ झालंय, फक्त रडायला येतं तिथं काय करायचं ते सांग!"

"काका, चौदा मार्च. माझ्या मुलीचा जन्म झाला तो दिवस. पाच मजली इमारत, खाली तेव्हा घड्याळाचं दुकान होतं."



"तुला कुठं सापडलं?" ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"लिफ्टमध्ये. जुन्या कार्डांत."

"अजून आहे होय ते तिथं. मी त्याला तेव्हाच म्हटलं, मिलिमीटर, ते कार्ड बदलून टाकू, कोण बघतंय. तर म्हणाला, राहू दे तिथंच. मला म्हणतो, मला माहीत असलं पाहिजे ते कुठं आहे."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढत गेला. दुपारी दोनला ते कोरं कार्ड घेऊन हॉस्पिटलात आले होते. बाबांनी निरोप पाठवला होता. बाकावर बसून, गुडघ्यावर पिशवी ठेवून त्यांनी आकडा लिहिला, 'पाहिले' लिहिलं, सही केली. हे मी पाहिलं होतं. दार थोडं उघडं होतं, आणि दोन कळांच्या मधल्या त्या विचित्र शांततेत मला गुडघ्यावर वाकलेलं बाबांचं डोकं दिसलं होतं आणि वाटलं होतं, रजेचा अर्ज लिहीत असतील. "मी म्हटलं, एक दिवस बंद ठेव लिफ्ट," पानेकाका म्हणाले. "चिठ्ठी लाव, मुदत संपली. लोक चढतील जिने, मरत नाहीत. तर म्हणाला, एकतीस वर्षांत चुकवली नाही." तेव्हा एकतीस झाली नव्हती, तेवीस झाली होती, पण मी दुरुस्त केलं नाही. म्हणजे तिसरी वाट होती, आणि ती मोकळी होती. एक चिठ्ठी. ते माझ्यासाठी थांबले, हे खरं. पण सही त्यांनी माझ्यासाठी केली नाही. ती त्यांनी 'मिलिमीटर' या माणसासाठी केली. हे त्या पायरीवर मला एकदम कळलं आणि त्यानं थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लगेच लाज वाटली.

"मग?"

"मग तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या एकटा गेला मोजायला. मला न सांगता. दोर बारा पॉइंट एक. कापडाचे सहा धागे अडकले. संध्याकाळी माझ्या घरी आला तर तोंड असं झालेलं. मी म्हटलं, अरे, मग आत्ताच्या आत्ता बंद कर! म्हणाला, कारण काय लिहू? परवा बारा पॉइंट सहा लिहिलंय. मी म्हटलं, घाल खड्ड्यात तुझे पॉइंट. शेवटी मीच दोर मागवला, सहाव्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघांनीच बदलला. कागदावर कुठं नाही ते. पुढच्या कार्डावर बघ, तेरा असेल, नाहीतर बारा नऊ." मांडीवरच्या गठ्ठ्यात ते होतं. बारा पूर्णांक नऊ. दोर दुसऱ्यांदा वाढला होता.

"मधले दोन दिवस लिफ्ट चालू होती?"

"चालू होती."

"आणि बाबा?"

"तो जाऊन बसायचा तिच्यात. सकाळच्या गर्दीच्या वेळी. वर-खाली, वर-खाली, वेड्यासारखा. मी म्हटलं, मिलिमीटर, तू आत बसल्यानं दोर जाड होणार आहे का? तर म्हणतो, नाही. पण मी बाहेर तरी नसेन." मग पानेकाका म्हणाले, "पोरी, ऐक. काही झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि तो गेला आता. त्या पुस्तकात काय चार चांगल्या गोष्टी लिहिल्या असतील त्या राहू देत."

काही झालं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. काही झालं असतं तर त्याला एक कड असती, तारीख असती, कुणीतरी विचारलं असतं, त्यांनी उत्तर दिलं असतं. झालं नाही म्हणून ते नुसतं तिथे राहिलं, काचेमागे, कार्डांखाली, आणि बाबा रोज आमच्या घरी येऊन जेवत होते. त्या दोन दिवशी ते मला सकाळी उशिरा भेटायला आले. दहा-साडेदहाला, शर्टाच्या बाहीला ओला डाग. मी विचारलं होतं, हे काय? "चालत आलो," असं न जुळणारं उत्तर त्यांनी दिलं होतं, आणि मुलीला हातात घेण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले होते, फार वेळ. मला तेव्हा तो नव्या आजोबांचा काळजीखोरपणा वाटला होता. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली. ते तिला प्रत्येक लिफ्टमध्ये न्यायचे, पण आत शिरण्याआधी तिला बाहेर थांबवून स्वतः एकदा वर जाऊन यायचे. आम्ही हसायचो. ते निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहिलं, तेव्हा माझा नवरा म्हणायचा, "तुझ्या बाबांना निवृत्ती मानवत नाहीये." आता त्या सगळ्या हसण्यांकडे मला एकेक करून परत जावं लागणार होतं आणि बघावं लागणार होतं, की कुठे हसायला नको होतं. आणि तरीही, हे लिहिलं नाही तर मीही खोटा आकडा लिहिल्यासारखं होईल, त्या पायरीवर बसून मला ते आधीपेक्षा कमी आवडत नव्हते. तेच त्रासदायक होतं. रागाला जागाच सापडत नव्हती. घाण पाण्याची बादली धरून लिफ्टमध्ये उभा असलेला तो माणूस मला दिसत होता: डोळे कार्डावर, स्वतःच्या सहीवर, आणि शेजारी एक बाई, जी त्याच सहीच्या भरवशावर उभी होती आणि जिला वाटत होतं की आज आपल्याला मान मिळाला.

संध्याकाळी सहाला मुलगी घरी आली तेव्हा प्रूफ जेवणाच्या टेबलावर होतं आणि त्याच्यावर ते कार्ड. ती बावीस वर्षांची आहे, नकाशे काढण्याच्या कार्यालयात नवीनच लागली आहे, आणि बोटं जोडून रेघ बघायची आजोबांची लकब तिच्यात आली आहे. मी तिला क्रमानं सांगितलं. काही गाळलं नाही; माझं मनगट धरणंही नाही. ती उभ्यानंच ऐकत राहिली, खांद्याची पिशवी न काढता. मी संपवल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"नाही. माझ्यामुळे थांबले. सही त्यांची त्यांनी केली."

"आई, हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस का?"

"मी काय बोलतेय ते मी तपासलंय."

ती बसली. कार्ड उचललं, तिरकं धरून पाहिलं, खाली ठेवलं. "छान लिहिलंय अक्षर," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती चिडली. "किती छान लिहिलंय बघ ना! खोटं लिहिताना माणसाचं अक्षर तरी बिघडावं."  शेजारच्या घरात कुणीतरी टेबल ओढत होतं. ती म्हणाली, "माझं वाक्य काढून टाक. ते राहिलं नाही तर कुणी तारीख ताडून बघणार नाही. तुझी दोन्ही राहतील. खोलीला त्यांचं नाव लागतंय, नवीन तपासनीस तिथे शिकणार."

"म्हणूनच," मी म्हणाले.

मी पेन घेतलं. 'त्यांनी न पाहता कधी सही केली नाही' या वाक्याच्या सुरुवातीला खूण केली आणि समासात दोन शब्द लिहिले. तिनं वाकून वाचलं. 'एकदा सोडून'. "एकदा सोडून, त्यांनी न पाहता कधी सही केली नाही," तिनं मोठ्यानं म्हटलं. "लोक विचारतील, कधी?"

"पुढच्या पानावर तू लिहिलंयस."

 मला वाटलं, ती आता उठून आत जाईल. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, तिसरं पान काढलं आणि स्वतःच्या पहिल्या ओळीवर टोक टेकवलं. ती वाक्य खोडणार असं मला वाटलं आणि मी तिला अडवणार नव्हते. ते तिचं होतं. तिनं 'त्या दिवशी' या शब्दांनंतर एक बारीक खूण केली आणि वर आकड्यांत तारीख लिहिली. दिवस, आडवी रेघ, महिना, आडवी रेघ, वर्ष. जशी ते लिहायचे. "आता कुणालाही ताडून बघता येईल," ती म्हणाली, आणि प्रूफ माझ्याकडे सरकवलं. "सही कर." मी पहिल्या पानापासून पुन्हा सगळं वाचलं, सोळाही पानं, पानेकाकांचं भाषणही, चाळीस मिनिटं लागली, आणि शेवटच्या पानावर 'पाहिले' लिहिलं. 'छापण्यास हरकत नाही' लिहायला त्याहून जास्त वेळ लागला.

मुलगी ताटं मांडत होती. अचानक थांबून म्हणाली, "त्या आजींना पुस्तिका द्यायची?"

"त्यांना वाचता येत नाही."

"हो. मग?"

 हातात दोन ताटं धरून ती उभी राहिली. मला त्या बाईची बादलीची गोष्ट ऐकू येत होती, जी मी अजून तिच्या तोंडून ऐकलीच नव्हती. पाहुणे आले की ठरलेली, मुलं उठून आत जाणारी. वीस-बावीस वर्षं जपलेली. ती गोष्ट मोडायचा मला काय अधिकार, आणि न मोडता तिच्यासमोर बसून ऐकायचा तरी काय. दाढेत कळ आली, कानापर्यंत. मी फोन उचलला आणि दंतवैद्याच्या दवाखान्याचा नंबर लावला. सकाळची वेळ चुकली, उद्याची मिळेल का विचारलं. फोनवरच्या मुलीनं वही चाळली. "साडेनऊ चालेल? पण लिफ्ट बंद आहे हं. पाच मजले चढावे लागतील."

"चालेल," मी म्हणाले. "मी नऊलाच येते. आधी तळमजल्यावर काम आहे."